बोर नवाच होता

भाऊजी, परवा तुमची तारीख होती.

तुम्ही गेल्यानंतरची पहिलीच. तेरावं उरकलं, पाहुणे पांगले, निशांत परत नोकरीवर गेला, आणि झाशीत प्रेम नगरच्या तुमच्या घरात ताई आणि मी अशा दोघी बहिणी उरलो. सकाळी उठून मी सवयीने निळी सुती साडी नेसले. फक्त तुमच्या तारखांसाठी ठेवलेली ती साडी. "वकीलसाहेबांचा काळा कोट" म्हणायचात तिला. चहा गाळताना लक्षात आलं की तारीख आहे, चौकशी आहे, मीही तयार आहे, फक्त चौकशी ज्यांची ते नाहीत. आधी हसू आलं आणि मग रडू. ताई पदर सारखा करत म्हणाली, "चल कुमुद, जाऊन येऊ. ते कधी चुकवत नसत."

खरंच चुकवली नाहीत तुम्ही. इतक्या वर्षांत सरकारच्या बाजूचा माणूस आला नाही, साक्षीदार आले नाहीत, कधी खुद्द चौकशी अधिकारीच दौऱ्यावर गेलेले. तुम्ही मात्र इस्त्रीचा सदरा घालून, पाण्याची बाटली काखेत मारून, त्या कडुलिंबाखालच्या बाकावर वेळेआधी हजर. मी चिडायची. आरोपी तुम्ही, आणि कचेरीची शिस्त काय ती तुम्हीच पाळणार! तुम्ही म्हणायचात, "कोणीतरी पाळायला हवी ना." मग आपण पुढची तारीख घ्यायचो, नाक्यावर चहा घ्यायचो आणि परत यायचो. त्या दिवसांचा विचार केला की भाऊजी, मला आता राग येत नाही. नुसता थकवा येतो.

वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर निशांतने हिंदीत लिहिला. जन्म, शिक्षण, नोकरी, मागे कोण कोण, सगळं नीट. त्यात एक शब्द त्याने प्रेमाने घातला होता, 'बेदाग सेवा'. मी वाचला आणि तसाच राहू दिला. मुलाने बापासाठी लिहिलेला शब्द खोडायचं माझ्या जिवावर आलं. तुम्ही असतात तर चष्मा वर सरकवून आधी तो शब्द खोडला असतात आणि मग शुद्धलेखन तपासलं असतं.

त्या बोरची गोष्ट मी तुम्हालाच परत सांगते, रागावू नका. तुमच्या माघारी लोक वाटेल ते बोलतायत. दतिया दरवाज्याच्या आमच्या गल्लीत कोणी म्हणतं घोटाळा होता, कोणी म्हणतं साहेबाने अडकवलं. तेराव्याच्या पंगतीत एकाने मला बोर सोडून चक्क पुलाचं प्रकरण सांगितलं. म्हणून एकदा सरळ सांगून टाकावंसं वाटतं, निदान तुमच्याजवळ तरी.

बबीन्याच्या रस्त्यावर तुमचं सरकारी प्रशिक्षण केंद्र होतं आणि तुम्ही त्याचे प्रमुख. केंद्राच्या वसतिगृहात ललितपूर, महोब्याकडच्या खेड्यांतल्या मुली राहायच्या. त्या उन्हाळ्यात वसतिगृहाचा बोर आटला. मुली पहाटे बादल्या घेऊन रस्त्यावरच्या हातपंपावर जायच्या, बाजूने फौजेच्या गाड्या धडधडत जायच्या, आणि तुम्ही त्यांच्याबरोबर रस्त्याच्या कडेला उभे राहायचात. तुमच्याकडे पैसा होता, पण तो किरकोळ दुरुस्तीसाठी मंजूर झालेला. नवा बोर म्हणजे नवं काम, त्याची मंजुरी लखनऊहून वेगळी यायला हवी. तुम्ही लिहून मागितली, परत लिहून मागितली. शेवटी संचालकांना फोन केलात. ते म्हणाले, "करा लीजिए, स्वीकृति पीछे से आ जाएगी." तुम्ही बोर खणायला लावला.

झाशीचा दगड तुम्हाला माहीत आहे. दिवसभर यंत्र किंचाळत होतं म्हणे. संध्याकाळी पाणी लागलं तेव्हा मुली चिखलाच्या फवाऱ्यात नाचल्या, आणि तुमचे बूट भिजले. घरी येताना तुम्ही जेवणाच्या डब्यात ते पाणी भरून आणलंत आणि देवापुढे ठेवलंत. ताई म्हणाली, "अहो, गढूळ आहे हे." तुम्ही म्हणालात, "राहू दे, निवळेल." सकाळपर्यंत खरंच निवळलं होतं, आणि डब्याच्या तळाशी माती बसली होती.

मग बिल करायची वेळ आली. तुमच्या कचेरीतल्या मिश्राबाबूंनी तुम्हाला सोपी वाट दाखवली. "सर, पुराने बोर की मरम्मत लिख देते हैं. सब जगह यही लिखते हैं." खोटं नाही बोलले ते. मीही उभं आयुष्य दुसऱ्या एका खात्याच्या लेखाशाखेत काढलंय. नवी भिंत बांधायची आणि बिलात जुन्या भिंतीची दुरुस्ती लिहायची, नवी खोली काढायची आणि जुन्या खोलीची डागडुजी लिहायची. ही आमच्याकडची रीतच आहे. तपासणारा वाचतो, मान हलवतो, पुढे जातो. तुम्ही मिश्राबाबूंना म्हणालात, "पुराने बोर में तो मेंढक भी नहीं बचा, मिश्राजी. मरम्मत किसकी?" आणि बिलावर आपल्या त्या शाळामास्तरी अक्षरात लिहिलंत, 'नया बोर, स्वीकृति की प्रत्याशा में', म्हणजे मंजुरी येईल या भरवशावर. खाली सही.

मंजुरी आली नाही. संचालक बढती घेऊन दुसरीकडे गेले, आणि तोंडी आदेश कोणत्या फायलीत सापडतो? लेखापरीक्षणवाल्यांना मात्र तुमची ओळ लगेच सापडली. सापडणारच, तुम्हीच लिहून ठेवली होती. पैसा खाल्लात असं कोणीच म्हणालं नाही. आरोप एवढाच होता, की विधानसभेने ज्या कामाला पैसा दिला ते सोडून तुम्ही तो दुसऱ्या कामाला लावला, आणि ज्याची सही त्याची जबाबदारी. सिद्ध झालं असतं तर शिक्षा, पेन्शनमधून वसुली. आणि सिद्ध होवो न होवो, प्रकरण चालू असेपर्यंत निवृत्तीनंतरचे तुमचे हक्क अर्धेमुर्धे लटकत राहिले.

खरं सांगू? मला सगळ्यात जास्त नवल वाटलं होतं ते तुमचंच. आपल्या महाराष्ट्र समाजाच्या गणेशोत्सवात खजिनदार असताना तुम्ही काय तमाशा केला होतात! प्रसादाचे पैसे संपले, रोषणाईचे उरले होते. कोणीही गुपचूप इकडचे तिकडे केले असते. तुम्ही आरती झाल्यावर सगळ्यांना खाली बसवलंत, मुलं मोदकांकडे बघत ताटकळलेली, आणि तुम्ही उभे राहून विचारताय, "रोषणाईचे पैसे प्रसादाला वापरायला सभेची संमती आहे का? हात वर करा." मी मागून ओरडले होते, "भाऊजी, मोदकाला ठराव लागतो का?" सगळी सभा हसली. तुम्हीही हसलात, पण हात मोजलेतच.

त्याच माणसाने बोर खणला म्हटल्यावर मी तुम्हाला छेडलं होतं, तिथे संमती घेतलीत, इथे का नाही? तुम्ही म्हणालात, "तिथे माणसं समोर बसली होती गं. लखनऊला कोणाचे हात मोजू?"

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं, आणि मिटायच्या आधी तुम्ही उठून गेलात.

चौकशीत आरोपीला मदतीला एखादा सरकारी माणूस घेता येतो, निवृत्त असला तरी चालतो. त्याला म्हणायचं बचाव सहायक. तुम्ही माझं नाव दिलंत तेव्हा कचेरीत कुजबुज झाली. मेहुणी बचाव करणार! मला मात्र फार बरं वाटलं होतं. आमचे हे गेले तेव्हा महिनाभर तुम्ही रोज सकाळी स्कूटरवरून दूध घेऊन यायचात. सांत्वनाचा एक शब्द नाही. पिशवी दाराला अडकवायची, "ताईला फोन कर" म्हणायचं आणि जायचं. त्या महिन्यात मी उठायची ती दुधाची पिशवी आत घ्यायला. त्याचं कधी काही बोलले नाही मी तुमच्याशी. आता बचाव करून ते थोडं तरी फेडू, असं मनात होतं.

पण तुमचा बचाव करायचा म्हणजे तुमच्याशीच लढायचं. मी उत्तराचा मसुदा आणला, पहिली ओळ, 'आरोप निराधार है'. तुम्ही ती खोडलीत.

"निराधार कसा? बोर आहे तिथे. जाऊन बघ."

"भाऊजी, असंच लिहायचं असतं."

"मरम्मत असंच लिहायचं असतं, ते मी लिहिलं नाही. मग हे कशाला लिहू?"

"मग काय लिहू?"

"लिही, हां, मैंने किया. मग खाली लिही की मुलींना पाणी नव्हतं, लिहून मंजुरी मागितली होती, फोनवर हो म्हणाले होते. सगळं लिही. पण आधी ते."

"असं आधी कबूल करून कोणी सुटलंय का?"

"मला सुटायचं नाहीये, कुमुद. मला निकाल हवाय."

तरी मी बोलले, वर्षानुवर्षं बोलले. तुम्ही म्हणायचात, आज मुलींच्या पाण्याचं नाव सांगून मी सुटलो, तर उद्या कोणी मुलींचंच नाव सांगून आपल्या बंगल्याला फरशी बसवेल, त्याला कोणत्या तोंडाने अडवणार? नियम मोडला हेही खरं आणि तो मोडायला हवा होता हेही खरं, दोन्ही एकाच कागदावर कोणीतरी लिहावं आणि खाली सही करावी. मला ते पटायचं आणि मी आणखी चिडायची. कारण तुमच्या खऱ्याखोट्यात माझी बहीण होती. तिने कापडाचे भाव विचारून न घेता परत फिरायला सुरुवात केली होती, ते तुम्हाला दिसत नव्हतं असं नाही.

दरम्यान चौकशीत मी आपली लढत राहिले. साक्षीदार नाही, आपत्ती, म्हणजे आपल्याकडची हरकत. कागदाची प्रत दिली नाही, आपत्ती. अधिकारी बदलले, पहिल्यापासून ऐका, आपत्ती. एका अधिकाऱ्याने वैतागून म्हटलं होतं, "मैडम, आपको पंखे से भी आपत्ति है क्या?" तुम्ही बाहेर येऊन इतके हसलात की चहावाल्याने विचारलं, "बाबूजी, छूट गए क्या?" नंतरनंतर माझा आवाजही दमला. आपत्ती म्हणताना जांभई यायची. बाकावर बसून आपण दोघं डुलक्या काढायचो आणि शिपाई उठवायचा.

आणि तो शेवटचा रविवार. अंतिम बयान द्यायचं ठरलं होतं, परवाच्या या तारखेला. मी माझा मसुदा आणला होता, तुम्ही तुमचा. तुमच्यात पहिली ओळ तीच. मी म्हणाले, "तुमच्या हट्टापायी ताईच्या म्हातारपणाचं काय?" हे मी इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. स्वयंपाकघरातून कपबशांचा आवाज येत होता तो थांबला. मी चहा न घेता उठले. दाराशी तुम्ही नुसतं म्हणालात, "सांभाळून जा, रस्ता खणलाय." मंगळवारी सकाळी ताईचा फोन आला.

तुम्ही काय उत्तर दिलं असतंत भाऊजी? मी सारखी विचार करते. कधी वाटतं तुमच्याकडे उत्तर होतं आणि माझ्यासमोर द्यायचं नव्हतं. कधी वाटतं नव्हतंच. नसलं तरी माझी तक्रार नाही. तुम्हाला सगळ्याचं उत्तर यायलाच हवं असं थोडंच आहे.

समाचाराला मिश्राबाबू आले. बिचारे खूप रडले. मग डोळे पुसून मला बाजूला घेऊन म्हणाले, "मैडम, बुरा मत मानिए, एक तरह से ठीक ही हुआ. जांच अपने आप खतम. भाभीजी को पूरी पारिवारिक पेंशन मिलेगी, रुका हुआ सब मिलेगा. मृत्यु प्रमाण पत्र लगाना है, बस. दरख्वास्त मैं बना दूंगा." मी मान डोलावली. कायदा मलाही ठाऊक आहे. अशी जबाबदारी माणसाची असते, माणसाबरोबर जाते. गेलेल्यावर दोष ठेवत नाहीत. त्याला निर्दोषही ठरवत नाहीत. फाइल बांधतात, वर दोरी. इतकी वर्षं मला जे हवं होतं ते सगळं मिळत होतं, ताईचं म्हातारपण सुटत होतं. तुम्हाला एकच गोष्ट हवी होती, ती मात्र आता कोणीच देऊ शकत नव्हतं.

तर परवा आम्ही गेलो. कडुलिंबाखाली तुमच्या बाकावर बसलो. ताई पहिल्यांदाच येत होती तिथे. तिने बाकावरून हात फिरवला आणि विचारलं, "इथेच बसायचे का?" मी हो म्हणाले.

आत नव्या चौकशी अधिकारी होत्या, तरुण, निशांतच्याच वयाच्या. उठून उभ्या राहिल्या, ताईला बसायला खुर्ची दिली. मिश्राबाबूंनी टाइप करून आणलेला अर्ज ताईपुढे सरकवला, सहीची जागा बोटाने दाखवली. ताईने आधी चष्मा काढून पुसला. मग वाचायला लागली, ओठ हलवत, सावकाश. अर्जात होतं, माझे पती निर्दोष होते, त्यांच्यावर निराधार आरोप लावण्यात आले, आता ते हयात नाहीत, तरी चौकशी समाप्त करण्याची कृपा व्हावी. मिश्राबाबूंनी मन लावून लिहिलं होतं. 'निराधार' हा माझाच शब्द, माझ्याच जुन्या मसुद्यांतून उचललेला.

ताईने टेबलावरचं पेन घेतलं आणि 'निर्दोष'पासून 'लगाए गए'पर्यंत सगळं खोडलं.

मिश्राबाबू घाबरले. "भाभीजी, ये क्या कर रही हैं? पेंशन का मामला है!"

"भैया, बोर तो उन्होंने खुदवाया था," ताई म्हणाली. "नया था. मैंने उसका पानी देखा है, भगवान के आगे रखा था."

ताईचं बोलणं तुम्हाला माहीत आहे. चारचौघांत आवाज कसा तो निघत नाही. मिश्राबाबू माझ्याकडे बघायला लागले, मीच तिला थांबवीन या आशेने. मी तिच्याकडे बघत होते. इतकी वर्षं आमची भांडणं चालायची तेव्हा ती आत कपबशा विसळायची, आणि मला वाटायचं तिला यातलं काही कळत नाही, मीच तिच्या वतीने लढतेय.

चौकशी अधिकारी हळू आवाजात म्हणाल्या, "माताजी, काटने से कोई फ़र्क नहीं पड़ेगा. जांच तो समाप्त होनी ही है, और पेंशन भी आपको मिलेगी."

"तो फिर काटने दीजिए," ताई म्हणाली. "वो होते तो वो भी काटते. और बेटी, लिख सको तो लिख दो कि उन्होंने कहा था, हां, मैंने किया."

त्या बाईंनी थोडा विचार केला. मग आजच्या कारवाईचा कागद ओढला आणि लिहिलं. मला उलटं वाचायची सवय आहे, लेखाशाखेत सगळ्यांनाच असते. त्यांनी लिहिलं की दिवंगत अधिकाऱ्याच्या पत्नीने कथन केलं, नवा बोर पतीने स्वतः करवला होता आणि त्याची जबाबदारी ते स्वीकारत होते. निकाल नाही हा, भाऊजी. तुम्हाला हवा होता तो तर नाहीच. पण तुमची पहिली ओळ सरकारी कागदावर आली, आणि ती लिहवून घेतली ते तुमच्या वकीलसाहेबांनी नाही. रविवारी मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर स्वयंपाकघरात उभं होतं, आणि तुम्हाला ते बहुधा ठाऊक होतं.

ताईने सही केली. चौकशी अधिकाऱ्यांनी फाइल मिटता मिटता माझ्याकडे पाहिलं. तुमच्या फायलीत माझ्या आपत्त्यांची चळत त्यांनी वाचली असणार, कारण त्या जरा सावध होऊनच म्हणाल्या, "बचाव सहायक को इस पर कोई आपत्ति?"

मी उभी राहिले, जशी दर तारखेला राहायची.

"जी नहीं," मी म्हणाले. "कोई आपत्ति नहीं."